संमतीपत्रातली चिठ्ठी आणि नियमातला ‘किंवा’

सडा_आणि_खाडी (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

गेली तीन वर्षे मी दक्षिण कोकणातील एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर, म्हणजे जिला सगळेच एथिक्स कमिटी म्हणतात तिच्यावर, सामान्य सदस्य म्हणून काम करतो आहे. औषधांच्या माणसांवरील चाचण्यांना मंजुरी देणे आणि त्यांवर लक्ष ठेवणे हे या समितीचे काम. मी डॉक्टर नाही. माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालो. गोपनीयतेच्या बंधनामुळे रुग्णालय, औषध आणि कंपनी यांची नावे मी लिहिणार नाही. प्रतिसादांतही कोणी ती ओळखण्याचा प्रयत्न करू नये, ही विनंती.

एका चाचणीत रुग्णांचे दोन गट करायचे होते. एका गटाला नवे औषध मिळणार होते, दुसऱ्याला नेहमीचे, आणि कोणाच्या वाट्याला काय यावे हे संगणक ठरवणार होता. संमतीपत्राच्या मराठी भाषांतरात या ठिकाणी ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द होता. आयुष्यभर मराठी शिकवूनही तो वाचताना मी अडखळलो. त्याऐवजी ‘चिठ्ठी टाकून ठरवावे तसे’ असे लिहावे, हे मीच सुचवले आणि सर्वांनी ते मान्य केले. त्या दिवशी आपण काहीतरी उपयोगाचे केले या समाधानात मी घरी आलो.

आठ महिन्यांनी आमच्या समितीने पहिल्यांदाच जागेवर जाऊन पाहणी केली. तरीने खाडी ओलांडून आम्ही ज्या उपकेंद्रात गेलो, तेथे चाचणीतील माणसे तपासणीला येत असत. पन्नाशी ओलांडलेली, मासळी विकणारी एक बाई रिकामी पाटी दाराशी ठेवून आत आली. औषध सुरू झाल्यापासून घाटी चढताना तिला भोवळ येत होती आणि दोन वेळा ती वाटेतच बसून राहिली होती. हे डॉक्टरांना का सांगितले नाही, औषध थांबवावेसे का वाटले नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, “देवान कौल दिल्यान, आता मागे कशी फिरू?”

आमच्याकडे अडल्या प्रसंगी देवासमोर चिठ्ठ्या टाकून कौल मागतात आणि मिळालेला कौल मोडायचा नसतो. चिठ्ठीत तिचे नाव नव्या औषधाच्या बाजूला निघाले, म्हणजे देवानेच ते औषध तिला दिले, असा अर्थ तिने सरळ मनाने लावला होता. ‘आपण कोणतेही कारण न देता चाचणीतून केव्हाही बाहेर पडू शकता’ हे वाक्य त्याच संमतीपत्राच्या नवव्या पानावर छापलेले होते. तक्रारीसाठी दिलेला दूरध्वनी क्रमांक मुंबईच्या एका कार्यालयाचा होता, आणि तिच्या घरापाशी सड्यावर चढल्याखेरीज रेंज येत नाही. त्याआधीच्या महिन्यात आमच्यापुढे आलेल्या प्रगती अहवालात या केंद्राच्या रकान्यात ‘तक्रार नाही’ असे लिहिलेले होते. ते खोटे नव्हते, कारण तक्रार खरोखरच कोणी केलेली नव्हती.

घरी येऊन मी २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम पुन्हा वाचले. मंजुरी दिलेल्या चाचणीचा समितीने वेळोवेळी आढावा घ्यावा, असे त्यात स्पष्ट आहे. मात्र हा आढावा संशोधकाने पाठवलेल्या प्रगती अहवालावरून, किंवा प्रायोजकाने, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने, पाठवलेल्या देखरेखीच्या अहवालावरून, किंवा प्रत्यक्ष केंद्राला भेट देऊन घेता येतो. त्या ‘किंवा’पाशी मी थांबलो. ज्यांच्या कामावर लक्ष ठेवायचे, त्यांनीच लिहिलेला कागद वाचला तरी आढावा झाला, असे हा शब्द म्हणू देतो. बहुतेक समित्यांकडे वेळ, माणसे आणि प्रवासखर्च यांतले काहीच पुरेसे नसते, त्यामुळे तिसरा पर्याय कागदावरच राहतो.

२०१३ पूर्वी या समित्यांना साधी नोंदणीही सक्तीची नव्हती, हे मला ठाऊक आहे. आज किमान सात सदस्य लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात, अध्यक्ष बाहेरचा असतो आणि माझ्यासारखा सामान्य सदस्य हजर नसेल तर गणपूर्तीच होत नाही. ही सुधारणा मोठी आहे आणि ती लढून मिळाली आहे. पण आपण सगळे बळ मंजुरीच्या दिवसावर लावले आहे आणि औषध माणसाच्या पोटात जाऊ लागल्यानंतरचे दिवस मोकळे सोडले आहेत, असे माझे मत झाले आहे. या क्षेत्रातील जाणकारांनी आणि ज्यांच्या गावात असे संशोधन झाले आहे त्यांनीही आपले अनुभव लिहावेत.

औषधपेटी

सर, आपण फार महत्त्वाच्या जागी बोट ठेवले आहे. मी औषध निरीक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे नियामकाच्या बाजूने थोडे लिहितो.

नोकरीत नवा असताना, १९८६ च्या सुरुवातीला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. रातराणीने मुंबई गाठून मोठ्या इस्पितळात जाणारी आपल्याकडची कितीतरी माणसे तेव्हा हबकून गेली होती, कारण ‘जे. जे.त नेले’ हा आमच्या गावात शेवटच्या आशेचा शब्द होता. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणात अन्न व औषध प्रशासनाच्या कारभारावर कठोर ठपका ठेवला. तेच विष २०२२ मध्ये गांबियातील मुलांच्या खोकल्याच्या औषधात सापडले आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातही. बाजारातल्या औषधाची बाटली तपासणारी यंत्रणा आणि चाचणीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा यांचे मनुष्यबळ आणि त्यांची शिस्त एकमेकांपासून तोडता येत नाही. एक बाजू दुबळी असेल तर दुसरी बळकट राहत नाही.

चाचण्यांपुरते बोलायचे तर २०१२ साली संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेवर ५९ वा अहवाल दिला, तो प्रत्येकाने वाचावा असा आहे. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात ३३ नवी औषधे भारतीय रुग्णांवर चाचणी न होता मंजूर झाली, असे त्यात नोंदवले आहे. काही तज्ज्ञांची शिफारसपत्रे जवळजवळ शब्दशः सारखी होती, हे समितीने उघड केले. तज्ज्ञाने स्वतः वाचून, स्वतःच्या शब्दांत मत लिहिणे एवढी साधी गोष्ट जेथे होत नाही, तेथे पुढचे सगळे सोपस्कार निरर्थक ठरतात.

आज नियम सुधारले आहेत. केंद्रीय परवाना प्राधिकरणाचे अधिकारी पूर्वसूचना न देता चाचणीच्या जागी जाऊन कागद, औषधसाठा आणि नोंदी तपासू शकतात. पण भारतात शोधलेल्या आणि भारतातच बनवून विकायच्या औषधाच्या अर्जावर ३० कामकाजी दिवसांत उत्तर गेले नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. उशीर टाळण्याचा हेतू मला समजतो. तरीही मौनाला संमती मानण्याची सोय ज्या कार्यालयाला द्यायची, त्या कार्यालयात आधी पुरेशी माणसे हवीत, असे माझे ठाम मत आहे.

रातांबा

मी डॉक्टर आहे, मूळची गुहागर तालुक्यातली, सध्या मुंबईत. धागाकर्त्यांच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजूही मांडते.

नियमांची प्रत्येक नवी पायरी मोठ्या कंपनीला परवडते. तिच्याकडे त्या कामासाठी स्वतंत्र माणसे असतात. अडतो तो स्थानिक आजारावर काम करणारा डॉक्टर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून उपचाराची दिशा बदलली. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांची ७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर सावरतात, हे तिच्यातून दिसले. विंचू चावतो तो भातशेतीत, गवताच्या उडवीत आणि कौलारू घराच्या भिंतीत. हा आजार इथला आहे, तर त्याचे उत्तरही इथल्याच माणसांवर अभ्यास करून मिळणार. संशोधन कोकणात येऊच नये, असा सूर या धाग्याने धरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता व्यवहाराची एक अडचण सांगते. चाचणीच्या जागी स्वतःची समिती नसेल तर दुसऱ्या नोंदणीकृत समितीची मंजुरी चालते, पण ती समिती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या परिघात असावी लागते. हेतू उत्तम आहे, समितीला जागेवर जाता यावे हाच. मात्र नकाशावर ५० किलोमीटरचे वर्तुळ काढून पाहा. त्याचा निम्मा भाग समुद्रात जातो, उरलेल्यात सह्याद्री आणि खाड्या आहेत, आणि वर्तुळाच्या आत असलेल्या गावालाही पावसाळ्यात पोहोचायला अर्धा दिवस जातो.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. मंजूर औषधाचा नव्या आजारासाठी किंवा नव्या मात्रेत निव्वळ शैक्षणिक अभ्यास करायचा असेल तर केंद्रीय परवाना प्राधिकरणाची परवानगी लागत नाही, नैतिकता समितीची मंजुरी पुरते. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत. पुढे तेथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध वाढतील तेव्हा अशा अभ्यासांपुरती समिती हीच पहिली आणि शेवटची चौकट असेल. आमच्या समितीत एका बैठकीत प्रबंधांचा एवढा मोठा गठ्ठा येतो की शेवटच्या काही प्रस्तावांना न्याय मिळत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

काजूबाग

मी दोडामार्ग तालुक्यात राहतो. आमच्याकडे २०१६ पासून माकडताप आहे. काजूच्या हंगामात, जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत, पाचोळ्यातली गोचीड चावते आणि बोंडू वेचायला गेलेली माणसे तापाने आडवी होतात. हा आजार १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तेथे वापरात असलेल्या जुन्या लसीचे संरक्षण अपुरे ठरल्याने ती बंद झाली आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने नव्या लसीवर काम चालू आहे. ही लस आम्हाला हवी आहे. उद्या तिची चाचणी आमच्या गावात आली तर मी स्वतः नाव देईन.

पण मला विचारायचे आहे ते असे. हंगामात दीड महिना घरातली सगळी माणसे पहाटेपासून बागेत असतात. चाचणीच्या तपासणीला दिवस मोडला तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार? आणि तशी भरपाई दिली, तर पैशासाठी लोक नावे देतात असे म्हणणार का?

सडा_आणि_खाडी

@काजूबाग, बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च देणे गैर नाही. आमच्या समितीत आम्ही तो आग्रहाने मागतो. रक्कम इतकी मोठी नसावी की माणूस धोका विसरून सही करील, एवढेच पाहायचे असते. आपल्या भागात हंगामातली एका दिवसाची मजुरी किती हे मुंबईत बसून ठरवता येत नाही, ते आपल्यासारख्या सदस्याने सांगावे लागते.

@रातांबा, संशोधन येथे यावे असेच मला वाटते. ५० किलोमीटरच्या वर्तुळाचा मुद्दा मी आमच्या सचिवांपुढे ठेवणार आहे.

दारेसलामकर

आमचे घराणे मूळचे राजापूर तालुक्यातले. आजोबांच्या काळापासून आम्ही पूर्व आफ्रिकेत आहोत आणि मी टांझानियात औषधवितरणाच्या व्यवसायात आहे. तुमच्या धाग्यातील प्रश्न येथेही जसेच्या तसे आहेत.

आफ्रिकेत या विषयावर बोलताना नायजेरियातील कानो शहराचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. १९९६ साली मेनिंजायटिसची साथ जोरात असताना फायझर कंपनीने तेथे २०० मुलांवर ट्रोव्हाफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची चाचणी केली. ११ मुले दगावली. पालकांना ही चाचणी आहे हे नीट कळले होते का, यावर अनेक वर्षे खटले चालले आणि २००९ मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड झाली. त्या भागात नंतर पोलिओच्या लसीवरही लोकांचा विश्वास उरला नाही, त्याला हे प्रकरणही कारण झाले. एका चाचणीतला दोष पुढच्या पिढीच्या लसीपर्यंत पोहोचतो, हे मी माझ्या ग्राहकांच्या तोंडून ऐकले आहे.

त्यानंतर येथे काम झाले ते एकेकट्याने झाले नाही. २००६ पासून आफ्रिकी देशांचे नियामक आणि नैतिकता समित्या ‘अवारेफ’ या मंचावर एकत्र बसून चाचण्यांचे प्रस्ताव तपासतात. ज्या देशाकडे एखाद्या विषयाचा जाणकार नाही, त्याला शेजाऱ्याचा जाणकार मिळतो. जागतिक आरोग्य संघटना नियामकांची पारख चार पायऱ्यांवर करते. २०१८ मध्ये टांझानिया तिसऱ्या पायरीवर पोहोचला, आफ्रिकेत सर्वांत आधी. भारताचा लसींचा नियामकही २०२४ मध्ये तिसऱ्या पायरीवर असल्याचे जाहीर झाले. त्या मोजमापात चाचण्यांवरील देखरेख हा स्वतंत्र भाग आहे. कोकणातल्या चार-पाच समित्यांनी आपसात असा मंच केला, तर जागेवर जाण्याचा भार वाटून घेता येईल, असे मला सुचवावेसे वाटते.

सुरंगी

मी आशा सेविका आहे. मला कायदे माहीत नाहीत, पण वरचे सगळे वाचले.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एका संस्थेचा अभ्यास झाला. बायका फॉर्मवर सही करताना फॉर्म वाचत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली की सही व्हायची. मला प्रत्येक नावामागे ठरलेले पैसे मिळत होते आणि ते फॉर्ममध्ये कोठेही लिहिलेले नव्हते. मला त्याचे अजून वाईट वाटते. ज्या बाईचे बाळंतपण मी केले, तिला मी नाही म्हणायला कशी शिकवणार? असे पैसे द्यायचे असतील तर ते गावासमोर सांगून द्यावेत आणि सही घेताना आशाने तेथे बसू नये.

आणखी एक. अनेक घरांत बाई म्हणते, घोवाक इचारून सांगतंय. घरधनी मुंबईला असतो. त्याच्याशी बोलणे होईपर्यंत दोन-तीन दिवस द्यायला हवेत. त्याच दिवशी सही मागू नये.

कुडाळचा_वकील

सुरंगीताईंचा प्रतिसाद कोणत्याही कायद्याच्या पुस्तकापेक्षा नेमका आहे. असुरक्षित गटातील व्यक्तींवर नव्या रसायनाची चाचणी असेल तर संमती देतानाचे दृक्-श्राव्य चित्रण सक्तीचे आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी केवळ ध्वनिमुद्रण चालते. पण त्या चित्रणात बाईने मान डोलावलेली दिसेल. ती कौल समजून डोलावली की आशाताईंकडे पाहून, हे दिसणार नाही.

नुकसानभरपाईबद्दल येथे कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यानंतरच या बाबतीत स्पष्ट नियम आले. गंभीर घटना घडली तर संशोधकाने २४ तासांत केंद्रीय प्राधिकरणाला, प्रायोजकाला आणि समितीला कळवायचे असते. विश्लेषणासह अहवाल १४ दिवसांत द्यायचा असतो. मृत्यू झाला असेल तर समितीने ३० दिवसांत आपले मत आणि भरपाईची शिफारस पाठवायची असते. दुखापत चाचणीमुळे झालेली नाही असे सिद्ध होईपर्यंत, किंवा गरज असेल तोपर्यंत, उपचार मोफत मिळतात. हे कलम आपल्याकडच्या सहभागींना कोणी समजावून सांगत नाही.

चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई एका सूत्राने निघते. आठ लाख ही मूळ रक्कम, तिला वयाच्या आणि जोखमीच्या गुणांकाने गुणायचे आणि ९९.३७ ने, म्हणजे ६५ व्या वर्षाच्या वयाच्या गुणांकाने, भागायचे. जोखमीचा गुणांक अत्यवस्थ रुग्णाला ०.५ आणि निरोगी माणसाला ४ असतो. म्हणजे ६५ वर्षांचा निरोगी सहभागी दगावला तर ३२ लाख आणि त्याच वयाचा अत्यवस्थ रुग्ण दगावला तर ४ लाख. सूत्र ठरल्यामुळे घासाघीस संपली, हे चांगले झाले. परंतु घटना चाचणीमुळे घडली की मूळ आजारामुळे, या पहिल्या प्रश्नावर सगळे अडते. त्याचे उत्तर देताना समिती स्वतःच्याच रुग्णालयातील सहकाऱ्यांच्या कामाविषयी मत देत असते. बाहेरचे सदस्य निम्मे असावेत या नियमाचा खरा कस मंजुरीच्या बैठकीत लागत नाही, तो येथे लागतो.

एक व्यवहारी सूचना. संमतीपत्रात वारसदाराचे नाव लिहिण्याची जागा असते, ती कोरी ठेवू देऊ नका. माणूस मुंबईत, बायको गावात, कागदपत्रे तिसऱ्याच ठिकाणी, अशा घरांत भरपाईचा दावा त्या एका कोऱ्या ओळीपाशी अडकतो.

सडा_आणि_खाडी

सर्वांचे मनापासून आभार. परवाच्या बैठकीत काय झाले ते गोपनीयता सांभाळून लिहितो.

त्या बाईंच्या भोवळीची नोंद झाली, डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्या चाचणीतून बाहेर पडल्या. नेहमीचे औषध त्यांना चालू आहे.

‘चिठ्ठी’ हा शब्द काढून टाकण्याचा प्रस्ताव मी मांडला आणि तो मंजूर झाला. नवा मजकूर पहिल्याच पानावर असा असेल : ‘कोणाला कोणते औषध द्यायचे ते संगणक ठरवतो. तो तुमचा आजार किंवा तुमचे नशीब पाहून ठरवत नाही. ठरलेले औषध घेतलेच पाहिजे असे नाही. त्रास झाला किंवा नकोसे वाटले तर त्याच दिवशी थांबता येते, आणि थांबल्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार बंद होत नाही.’ नवव्या पानावरचा हक्क अशा रीतीने पहिल्या पानावर आला. मुंबईच्या क्रमांकाच्या जोडीला समितीच्या सचिवांचा मोबाइल क्रमांक येणार आहे.

आणखी दोन बदल मान्य झाले. माहिती देणे आणि सही घेणे यांत किमान तीन दिवसांचे अंतर ठेवायचे, आणि गावपातळीवर कोणाला मोबदला दिला जात असेल तर तो संमतीपत्रातच लिहायचा. सुरंगीताई, हे दोन्ही मुद्दे आपल्या प्रतिसादातून घेतले आहेत. आपण दिलेली माहिती कोठली, हे मी कोणालाही सांगितले नाही.

‘किंवा’चा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. प्रत्येक चाचणीच्या प्रत्येक केंद्राला वर्षातून एकदा तरी भेट द्यावी, असा नियम आमच्या कार्यपद्धतीत घालावा असे मी सुचवले. भेटीचा खर्च प्रायोजकाकडून थेट सदस्यांना मिळू नये, तो संस्थेने आढावा शुल्कातून वेगळा काढून ठेवावा, यावर चर्चा झाली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. दोन सदस्यांना हा भार न पेलणारा वाटतो आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, कारण ते दोघेही दिवसभर रुग्ण तपासून बैठकीला येतात. @दारेसलामकर यांनी सुचवलेल्या एकत्र मंचाविषयी शेजारच्या दोन समित्यांना पत्र पाठवायचे ठरले आहे. पत्राचा मसुदा @कुडाळचा_वकील यांनी पाहून दिला तर बरे होईल.

सुरंगीताई, नवे पहिले पान छापण्याआधी ते तीन-चार बायकांना वाचून दाखवायचे आहे आणि त्यांनी ते स्वतःच्या शब्दांत सांगितले तरच ते समजले असे धरायचे आहे. प्रमुख संशोधकांची त्याला संमती आहे. बाजाराचा दिवस सोडून आणि भरतीची वेळ पाहून आपण दिवस कळवा, मी तरीने येतो.